मग उतरंल कोण?

सिद्राम आमच्या गिरणीत आला की हाक मारत नाही आणि कडीही वाजवत नाही. तळहातानं दारावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांबा, दोन थापा म्हणजे चला. ही भाषा साऱ्या जगाला येते अशी त्याची समजूत आहे. मी दळणाच्या रांगेशी हुज्जत घालत असले की दारावर एक थाप पडते, मी थांबते. त्याचं सांगून झालं की दोन थापा पडतात आणि तो स्वतःच निघून जातो.

एकदा तो स्टँडवरून चालला होता. कुर्डुवाडीची बस भरून उभी होती आणि कंडक्टर चहाला उतरला होता. जाता जाता सिद्रामनं बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. बस निघून गेली. कंडक्टर हातात कपबशी घेऊन नाक्यापर्यंत धावला. मी सिद्रामला विचारलं, असं का केलंस म्हणून.

"भरल्याली गाडी उभी ऱ्हायली की मला बघवत न्हाय, वैनी," तो म्हणाला.

माझी पिठाची गिरणी आहे. सोलापुरात गिरणी म्हटलं की लोकांना आधी कापडाची आठवते, म्हणून सांगून ठेवते. आमचे हे कापडगिरणीत हजेरी लिहितात आणि मी पीठ दळते. गिरणीला लागून एका शेठजींचं गोडाऊन आहे, आणि त्यांच्या ट्रकवर सिद्राम क्लीनर. क्लीनर म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसणारा माणूस. चाकं बघायची, पाणी घालायचं, गाठी बांधायच्या, आणि गाडीला काहीही झालं की पहिल्यांदा खाली उतरायचं. सिद्राम मिशी फुटायच्या आधीपासून हे करत आला होता. आता मिशी पांढरी व्हायला लागली होती.

त्यांचा ट्रक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरी आणि टॉवेलच्या गाठी घेऊन पुण्याला जायचा. येताना करमाळ्याच्या बाजारातून ज्वारी नाहीतर तूर आणायचा. संध्याकाळी तो गोडाऊनमध्ये उलटा घ्यावा लागे. गोडाऊनचं तोंड अरुंद. एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला आमच्या गिरणीची पायरी. सिद्राम ट्रकच्या मागे उभा राहून, स्वतः उलटा चालत ओरडायचा, "येऊ द्या उस्ताद, येऊ द्या, येऊ द्या, जरा डावं काटा, येऊ द्या... बस." त्या 'बस'ला ट्रक जागच्या जागी थांबत असे. गल्लीतली पोरं हे पाहायला जमायची.

ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की मागेपुढे होणारी कुठलीही वस्तू त्याच्या ताब्यात जायची. कुणाचं लोखंडी कपाट जिन्यावरून चढत असलं की हा खाली उभा, "येऊ द्या, येऊ द्या." माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाचं घोडं मांडवाशी आलं, तर हा घोड्यासमोर उलटा चालत, "येऊ द्या, येऊ द्या, वरती तोरण बघा, बस." नवरदेव त्याच्या शब्दावर उतरला. भटजी अजून आतच होते. घरी जेवतानाही महादेवी, म्हणजे त्याची बायको, भात वाढू लागली की हा ताटाकडे बघत म्हणायचा, "येऊ दे, येऊ दे, बस." महादेवी एकदा मला म्हणाली, "माझं लगीन माणसाशी झालंय का गोडाऊनशी, तेच कळंना झालंय, वैनी."

त्याला शांततेत झोपही येत नाही. फेरीवरून आला की घरी तळमळतो. शेवटी महादेवी वैतागून त्याला आमच्याकडे हाकलते. गिरणीत मोटारीशेजारी पोती टाकून तो गाढ झोपतो. मी पट्टा काढून मोटार बंद केली की ताडकन उठून बसतो आणि विचारतो, "काय झालं? कुटं आलो?"

ट्रकचे ड्रायव्हर हसनभाई. उंच, वाळके, मितभाषी. डोक्याला चौकडीचा रुमाल. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. भाड्याची खोलीही त्यांनी सोडून दिली होती. गोडाऊनच्या नळावर अंघोळ करायची आणि ट्रकमध्ये झोपायचं. सिद्राम त्यांना उस्ताद म्हणायचा. तसे सगळेच क्लीनर ड्रायव्हरला उस्ताद म्हणतात, पण बाकीच्यांच्या तोंडी तो हुद्दा असतो, सिद्रामच्या तोंडी ते नाव होतं. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नसत. जन्मभर इंजिनाशेजारी बसलेली माणसं. बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

दुष्काळ सरला होता. रेशनवरचा अमेरिकेचा तांबडा मिलो संपून पुन्हा आपली ज्वारी दळायला यायला लागली होती. त्या पावसाळ्यात एका दुपारी हसनभाईंनी आमच्या पायरीचा कोपरा उडवला. ट्रक उलटा घेताना नव्हे, सरळ समोर येताना, भर उजेडात. ते खाली उतरले. वाकून त्यांनी फुटलेला कोपरा हातानं चाचपला. पाहिला नाही, चाचपला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली सांभाळा, म्हणाला. शेठजींपर्यंत बातमी जायला वेळ लागला नाही. माणूस वाईट नव्हता, पण ट्रक त्याचा होता. त्यानं सांगितलं, दसऱ्याला गाडीची पूजा होईल तेव्हा स्टिअरिंगवर नवा ड्रायव्हर बसेल. आता या धंद्यात रिवाज असा की ड्रायव्हर आपला क्लीनर आपल्याबरोबर आणतो. म्हणजे उस्ताद गेले की सिद्रामही गेला.

सिद्राम शेठजींना म्हणाला, "मी लायसन काडतो."

शेठजी हसले. म्हणाले, "काढ. दसऱ्याच्या आत काढलंस तर गाडी तुझ्या हातात."

गाडी त्याला येत होती. शिकाऊ लायसन काढून उस्तादांच्या शेजारी बसून त्यानं हात साफ केला होता. अडचण होती ती तोंडी परीक्षेची. मोठ्या गाडीच्या लायसनला आधी आरटीओचे साहेब प्रश्न विचारतात, रस्त्यावरच्या खुणा ओळखायला लावतात, हाताचे इशारे करून घेतात. त्यात पास झाला तरच चाक हातात देतात. सिद्रामची शाळा चौथीत सुटली होती.

एक थाप पडली. मी थांबले.

"वैनी, तुमी माजा अभ्यास घ्या."

"मी का? पलीकडे मास्तर राहतात की."

"मास्तरांकडं इंजिनाचा आवाज न्हाय," सिद्राम म्हणाला. "आणि तुमी रागावता बरं."

या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी मॅट्रिक झालेली आहे आणि माझा आवाज मोटारीवर चढतो. दुपारची रांग ओसरली की तो पोत्यावर बसायचा आणि मी दळता दळता लायसनच्या पुस्तकातले प्रश्न विचारायची.

"समोर अरुंद पूल आहे. पलीकडून गाडी येतेय. काय करशील?"

"उतरंन."

"उतरून?"

"पलीकडच्या किलीनरला इचारंन, कुटनं आलास बाबा. मग आमी दोगं ठरवू, कुणाची गाडी आधी."

"पुढे मोठं वळण आहे."

"उतरून बघंन."

"घाटात चढाला लागलायस, वरून गाडी येतेय."

"उतरंन. चाकामागं दगुड लावंन."

"रेल्वेचं फाटक आहे आणि फाटकवाला नाही."

"हे तर उतरायचंच, वैनी. रुळाला कान लावायचा."

पुस्तकात लिहिलं होतं, क्लीनरला पुढे पाठवून दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात. मी ते वाचून दाखवलं. सिद्राम खूष झाला. "बगा. छापल्यालं बी तेच हाय. किलीनरच उतरतो."

मी गिरणी बंद केली. तो दचकला.

"सिद्राम, नीट ऐक. तू क्लीनर नाहीस. तू ड्रायव्हर आहेस. ड्रायव्हर उतरत नाही. ड्रायव्हर वर बसलेला असतो."

त्यानं बंद मोटारीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग उतरंल कोण?"

"तुझा क्लीनर."

"त्यो कोण?"

"मला काय ठाऊक? ठेवशील कुणीतरी. आजकाल पोरं मिळतात."

मी गिरणी सुरू केली. थोड्या वेळानं तो स्वतःशीच म्हणाला, "मग त्यालाच इचारावं की हे समदं."

रस्त्यावरच्या खुणा पुस्तकात इतक्या बारीक छापल्या होत्या की मलाच दिसेनात. मी सकाळी पायरीपुढे झाडलोट केली की रांगोळीनं रोज एक खूण काढू लागले. त्रिकोणात वळण, त्रिकोणात शाळेची मुलं, गोलात भोंगा आणि त्यावर तिरपी रेघ. गल्लीतल्या बायकांना वाटलं, काकूंनी रांगोळीचं नवं पुस्तक आणलंय. त्यांनी उतरवून घेतलं. श्रावणातल्या एका शुक्रवारी समोरच्या ओळीत चार दारांत 'भोंगा वाजवू नका' होतं, हळदीकुंकू वाहिलेलं. एका सुनेनं बाळंतिणीच्या दारात 'पुढे धोका आहे' काढलं. मी जाऊन पुसून आले. सिद्रामला मात्र याचा फार उपयोग झाला. महादेवीच्या निरोपानं तो गल्लीत कुठंही गेला तरी खुणा म्हणत जायचा.

खरी पंचाईत वीज गेली की व्हायची. तो उत्तर देत असायचा, "घाटात उतारावर गाडी न्यूट्रल करायची न्हाय, इंजिन बंद करायचं न्हाय, गाडी लहान गेरमदी..." आणि मोटार घरघरत थांबायची. सिद्रामही थांबायचा. पुढचं वाक्य मोटारीबरोबर गेलेलं असायचं. मी म्हणायची, अरे लहान गेरमध्ये काय? तो छताकडे बघत बसायचा. वीज आली, पट्टा फिरला की "...ठिवायची," म्हणून वाक्य पुरं करायचा. मला त्याची काळजी वाटायला लागली. साहेबांच्या कचेरीत गिरणी नव्हती.

गल्लीत तोवर दुसरंच बोलणं सुरू झालं होतं. ज्यानं हाताला धरून शिकवलं त्याच्याच शीटवर हा डोळा ठेवून बसलाय, असं लोक म्हणत. दळणाच्या रांगेत एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाली, "काय सिद्राम, उस्तादाला घालवून बसणार म्हणं गादीवर?" सिद्राम म्हणाला, "तुमचं दळण झालं, मावशी," आणि तिच्या डब्यावर दोन थापा मारल्या. मला विचाराल तर यात काही गैर नव्हतं. एकाची नजर गेली, दुसऱ्याला पोट आहे. दोघांनी रस्त्यावर येण्यापेक्षा एकानं वर बसावं. मी हे त्याला बोलून दाखवलं. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

पहिल्या परीक्षेहून तो परत आला तेव्हा दारावर थापच पडली नाही. मी पाहिलं तर पोत्यावर येऊन बसलेला.

"काय विचारलं?"

"साहेब म्हनले, उजवीकडं वळायचंय, हात दाव. म्या दावला. म्हनले थांबायचंय, हात दाव. दावला. मागच्या गाडीला फुडं जाऊ द्यायचंय, हात दाव. दावला. समदं बरोबर दावलं, वैनी."

"मग?"

"डाव्या हातानं."

मी कपाळाला हात लावला.

"साहेबांनी इचारलं, स्टेरिंग कुठल्या बाजूला हाय? म्हनलं, उजव्या. मग तू कुटं बसलाईस? म्हनलं, डाव्या. मग गाडी कोण चालवतंय?" सिद्राम थांबला. "म्हनलं, उस्ताद."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हनले, उस्तादालाच पाटव."

आयुष्य डाव्या खिडकीत गेलेलं. डावा हात बाहेर काढून वाट मागायची, डाव्या हातानं पत्र्यावर थाप मारायची. उजवा हात म्हणजे त्याच्या लेखी जेवायचा. दसरा महिन्याभरावर आला होता. एकदा अजून बसता येणार होतं.

मी पोत्याची सुतळी घेतली आणि त्याचा डावा हात कमरेशी बांधून टाकला. सांगितलं, परीक्षा होईपर्यंत सुटणार नाही. अंघोळीला सोड, बाकी नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरी माणसं विचारपूस करायला येऊ लागली. एकीनं शहाळं आणलं. महादेवी प्रत्येकाला सांगून थकली.

"हात मोडला व्हय?"

"न्हाय. परीक्षा हाय."

"कसली परीक्षा म्हणायची ही, हात मोडतेत तितं?"

सिद्रामनं शहाळं मात्र परत केलं नाही. उजव्या हातानं प्यायला.

सराव करायला मी गिरणीत दोन पोती शेजारी शेजारी मांडली. उजव्या पोत्यावर सिद्राम, हातात माझी पीठ चाळायची मोठी चाळण, तेच स्टिअरिंग. डाव्या पोत्यावर कुणी बसलं तर बरं, म्हणून मी हसनभाईंना बोलावलं. ते आले, आणि सवयीनं उजव्या पोत्याकडे गेले. सिद्राम उठून उभा राहिला. मग हसनभाई डाव्या पोत्यावर बसले. इकडेतिकडे हात फिरवून बघितलं, जशी काय तिथं खिडकी आहे.

"इधरसे तो कुछ बी नै दिखता रे सिद्राम," ते म्हणाले. "तू इत्ते बरस क्या देखताय इधरसे?"

"तुमाला," सिद्राम म्हणाला, आणि लगेच चाळण फिरवून उजवा हात बाहेर काढला. हात बरोबर होता. मी पुढचा प्रश्न विचारला.

दुसऱ्या परीक्षेला मी बरोबर गेले. मला तसंही त्या बाजूला मोटारीचा पट्टा आणायचा होता. शांततेचा बंदोबस्त मी करून ठेवला होता. कचेरीच्या आवारात, साहेबांच्या खिडकीबाहेर शेठजींचा ट्रक उभा केला. सिद्रामला आत बोलावल्यावर हसनभाईंनी नुसतं इंजिन चालू करून बसायचं. गाडी हलवायची नाही. त्याला नजर लागत नाही.

साहेब चष्म्यातले, घाईतले. त्यांनी सिद्रामकडे पाहिलं, मग सुतळीकडे.

"हाताला काय झालं?"

"काय न्हाय साहेब. त्यो आगाव हाय, म्हणून बांदलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मी पदर सारखा केला.

बाहेर इंजिन घरघरत होतं आणि आत सिद्राम धो धो बोलत होता. वळण, घाट, पूल, शाळा, दवाखाना. उजवा हात खाली, उजवा हात सरळ, उजवा हात गोल. साहेबांचा चेहरा निवळत चालला होता. पुस्तक मिटता मिटता त्यांनी आणखी एक प्रश्न काढला.

"गाडी मागे घ्यायची आहे. आरशात मागचं काही दिसत नाही. बरोबर क्लीनर नाही. काय करशील?"

आणि शिपायाला म्हणाले, "ती बाहेरची गाडी बंद करायला सांग. किती वेळ चाललंय."

शिपाई गेला. इंजिन बंद पडलं. खोलीत पंख्याची करकर तेवढी उरली.

सिद्राम छताकडे बघू लागला. तो काय म्हणणार होता हे मला ठाऊक होतं आणि ते म्हणायचं नाही हे मीच त्याला महिनाभर घोकून घेतलं होतं. ओठ हलले, आवाज आला नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "येत नाही का? राहू दे मग. पुन्हा ये." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात बाहेर ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या. आवाज कसा, गिरणीच्या दारावर पडतो तसाच.

सिद्राम सरळ उभा राहिला. "साहेब, खरं सांगू का? वैनी रागावतील."

"सांग."

"उतरंन. मागं जाऊन बघंन. मग कुणाला तरी मागं हुबा करंन, आणि त्यो बस म्हनला की थांबंन."

"बरोबर," साहेब म्हणाले आणि सही केली. "यात रागावण्यासारखं काय आहे?"

मग मैदानात गाडी चालवून दाखवायची होती. ती त्यानं सुतळी सोडून, दोन्ही हातांनी, तक्रारीला जागा न ठेवता चालवली. उतरल्यावर साहेबांच्या टेबलावर त्याच्याकडून दोन थापा पडल्याच. साहेब उठून उभे राहिले आणि मग त्यांनाच कळेना आपण का उठलो.

दसऱ्याला ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी गल्ली जमली होती. शेठजींनी नारळ फोडला. सिद्राम इस्त्रीचा शर्ट घालून उजव्या बाजूनं चढला. डाव्या बाजूला कोण बसतो, हे बघायला माना उंचावल्या. शेठजींनी दोन-तीन पोरं सुचवली होती, ती चेहरे धुऊन उभी होती.

डाव्या बाजूनं हसनभाई चढले. पाय ठेवायला जागा चाचपत, पण कुणाचा हात न घेता. बसले, दार ओढलं, रुमाल नीट केला आणि खिडकीतून हात बाहेर काढून पत्र्यावर दोन थापा मारल्या. ट्रक हलला.

शेठजी म्हणाले, हे कायद्यात कसं बसतं? मी म्हटलं, क्लीनरची परीक्षा नसते. ड्रायव्हर आपला क्लीनर आणतो हा रिवाज तुमच्याच धंद्यातला. तेव्हापासून शेठजी मला जरा बिचकून असतात.

फेरीवरून परत आल्यावर सिद्राम गिरणीत आला. उस्ताद नळावर हातपाय धूत होते. सिद्राम हळू आवाजात म्हणाला, "वैनी, गाडी मागं घेताना तुमी पायरीवर हुबं ऱ्हा. मला आरशात दिसाल असं. निस्ता हात हलवा. थांबायचं झालं की हात थांबवा. बोलू मात्र नका."

"का?"

"बोलतील उस्तादच. मी त्यांना मागं हुबं करनार हाय."

मी त्याला म्हटलं, हा काय पोरखेळ आहे? माणसाला दिसत नाही, त्याला ट्रकमागे उभं करतोस? घरी बसवावं, जेवायला घालावं, ते पुण्याचं काम आहे.

"खांबाच्या आत हुबा करतो, चाकाच्या वाटंत न्हाय," सिद्राम म्हणाला. "आणि घरी बसवायचं म्हणता, तर कुटल्या घरी बसवू, वैनी? त्यांचं घर ह्योच की." त्यानं बोटानं ट्रक दाखवला. "उस्तादांना ह्यातलं काय सांगू नका."

त्या दिवसापासून दर फेरीला संध्याकाळी हे चालतं. ट्रक आला की मी मोटार बंद करते आणि पायरीवर जाते. हसनभाई उतरून खांबाशी उभे राहतात आणि ओरडतात, "आने दे, आने दे, आने दे... बस." मी हात हलवते, हात थांबवते. सिद्राम आरशात बघतो, ट्रक मागे घेतो, आणि उतरून मोठ्यानं म्हणतो, "झकास घेतली उस्ताद." आजवर खांबाला किंवा पायरीला ओरखडा आलेला नाही.

एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. हसनभाईंचं 'बस' कधी चुकायचं नाही. मी हात थांबवते आणि त्याच वेळी ते 'बस' म्हणतात. मला वाटलं, अंदाजानं म्हणत असतील. इतकी वर्षं गाडीवर गेली, चाकाच्या आवाजावरून कळत असेल.

पौषात एक दिवस पट्टा चढवताना माझ्या उजव्या हातातल्या दोन्ही बांगड्या फुटल्या. गिरणीच्या कामात मी हातात दोन-दोनच काचेच्या घालते, जास्त अडकतात. त्या संध्याकाळी मी मोकळ्या हातानं पायरीवर उभी राहिले. ट्रक मागे येऊ लागला. हसनभाई गप्प. मी हात हलवत होते, ते गप्पच. मान तिरकी करून ऐकत उभे. सिद्रामनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि ट्रक थांबवला. मी घाईघाईनं दुसरा हात हलवला. डाव्या हातातल्या दोन बांगड्या वाजल्या.

"आने दे," हसनभाई म्हणाले. "आने दे, आने दे." मी हात थांबवला. "बस."

सिद्राम दोराच्या गाठी सोडायला आत गेल्यावर ते पायरीपाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "भाभी, आज पैले चुडियाँ नै बजे. मैं घबराया."

मी रिकामा उजवा हात पदराखाली घेतला.

"उसकू बोलू नक्को," ते म्हणाले. "उसकू लगता मेरेकू मालूम नै."

आतून सिद्रामचा आवाज आला, "उस्ताद, च्या प्यायला येताय नव्हं?" हसनभाईंनी ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि आवाजाच्या दिशेनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कासारीण आली. मी दोन्ही हात पुढे केले आणि भर म्हटलं, मनगट भरेपर्यंत. ती माझ्याकडे बघतच राहिली. रात्री ह्यांनीही ताटावरून मान वर केली आणि विचारलं, आज काय विशेष, एवढ्या कशाला?

"गाडी मागे घ्यायला लागतात," मी म्हटलं आणि भाकरी वाढली.